बैलांच्या सणाचं आवतन

कोडोली, वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी

पंचफुलाबाई,

कोडोलीच्या हौसाबाईचा नमस्कार घ्या. मी तुमच्या सुनेची, अनुजाची आज्जी. लग्नात हिरवं लुगडं नेसून सगळ्यांच्या अंगावर ओरडत होते, ती मी. पत्राच्या सुरवातीला 'वि. वि.' लिहायचं असतंय म्हणं. मला त्येचा अर्थ ठाऊक न्हाय, म्हणून लिहीत न्हाय. माझी शाळा चौथीपतोर, त्यातलंबी एक वरीस म्हशीमागं गेलं.

फोन का केला न्हाय म्हणाल, तर आमचा फोन माझ्या लेकाच्या, बाळासोच्या खिशात आणि तुमचा तुमच्या मालकाच्या. त्या दोघांच्या खिशातनं आपुन काय बोलणार? आणि फोनवर मी भांडते. कागदावर दम लागतोय, त्यामुळं जरा बरी वागते.

लग्नाला दोन वर्सं झाली. तुमचं वऱ्हाड यवतमाळासनं कोल्हापूरला एवढ्या लांबनं आलं आणि उपाशी गेलं. त्या दिवशीचं मला सगळं आठवतंय. पंगत बसलेली. तुमचे मालक, गुणवंतराव, म्हणाले, "धरणं तुमच्याकडं, कारखाने तुमच्याकडं, मंत्री तुमच्याकडं. आमच्या वाट्याले निस्ती भाषणं. वेगळं राज्य मागाव नाही त काय कराव?" आता ही काय पंगतीत काढायची गोष्ट हाय व्हय? तुमचे मालकबी काय कमी न्हाईत. पर माझ्या लेकानं तोंडातली जिलेबी न गिळता उत्तर दिलं. म्हणाला, "पाणी कुणी पळवलं न्हाय. तुमी आळशी. अजून बैलाच्या शेपटीमागं फिरताय. राज्य मागायच्या आधी एक ट्रॅक्टर तरी घ्या."

गुणवंतरावांनी ताटात पाणी ओतलं आणि उठले. मग तुमचं सगळं वऱ्हाड उठलं. मी हाका मारल्या, तुमी वळूनबी बघितलं न्हाय. मीबी बघितलं नसतं.

तवापासनं अनुजा माहेरचा उंबरा चढली न्हाय. बाळंतपण तुमीच केलंसा. पोराचं नाव राजवर्धन ठेवलं, हे मला सम्राटनं सांगितलं. सम्राट म्हंजे अनुजाचा भाऊ. नाव आमच्याकडच्या वळणाचं हाय, तुमी आडवं आला न्हाईसा, ते मी ध्यानात ठेवलंय. पर पोरगं रांगायला लागलं तरी मी ते बघितलं न्हाय. अनुजा म्हणती, "माझ्या सासू-सासऱ्यास्नी बाबांनी मानानं बोलवून जेवू घातल्याबिगर मी येणार न्हाय." पोरगी माझ्यावर गेलीय, त्यामुळं ती बधणार न्हाय.

म्हणून सांगते. बैलांच्या सणाला तुमी सगळी आमच्याकडं या. बैलावरनं मोडलंय, तर बैलांच्याच सणाला जुळूदे. बाळासो दारात उभा राहील, तुमच्या मालकाच्या डोक्याला फेटा बांधील आणि स्वतः पाट मांडील. त्येला मी कबूल करून घेतलंय. कसं म्हणाल, तर त्याच्याशी बोलणं टाकलं. मी घरात बडबडत असले की सगळ्यांचा जीव ठिकाणावर असतोय. गप बसले की त्यास्नी भ्या वाटतंय.

बैलांचा सण कधी असतोय ते शेतकऱ्याच्या बायकूला मी सांगायला नको.

हौसाबाई


कोडोली, मिरगाचा पाऊस झाल्यावर

पंचफुलाबाई,

तुमचं पत्र पावलं. अक्षर माझ्यापेक्षा बरं हाय. तुमी लिवलंय, "मी, लेक अन सून बाळाले घेऊन येतो, अनुजाले आत्ताच सांगत नाही, वेळेवर सांगीन. पण मालकाले बैल सोडून निघता येत नाही." हे वाचून बाळासोचं तोंड पडलं. म्हणाला, "बघ, रुसवा हायच की अजून." मलाबी तसंच वाटलं. बैलाचं निमित्त कशाला काढताय? आमच्यात सणादिवशी बैलं धुतली, खाऊ घातली की माणूस दुपारनं मोकळा. आणि बैलांच्याच सणाला बोलवलंय, तर बैल आडवं कुठनं आलं?

ज्येनी ताट सारलं त्येच्याच म्होरं ताट वाढायचंय. दुसऱ्या कुणाला जेवू घालून काय उपेग? मालकास्नी सांगा, हौसाबाई म्हणती, तुमी आला न्हाईसा तर माझा लेक म्हणंल की आई, मी वाकलो आणि त्येनी पाठ दावली. मग त्यो पुन्यांदा वाकायचा न्हाय. त्येला मी जन्म दिलाय, त्येची मान कशी हाय ते मला ठाऊक हाय.

आमच्याकडं पाऊस लागलाय. उसाला बरं हाय, माझ्या गुडघ्याला न्हाय. तुमच्याकडं कापूस लावला का?

हौसाबाई


कोडोली, बेंदराच्या आदल्या आठवड्यात

पंचफुलाबाई,

तुमचं कारड आलं. "मालक येतो म्हणाले. बैल शेजाऱ्याच्या हाती देऊन येतो. आमच्या गावात आजपर्यंत कोणी असं केलं नाही, गावात बोलणं लागलं, पण येतो." एवढंच. असं म्हणा की!

बैल शेजाऱ्याकडं ठेवून यायला गावात बोलणं कशापायी लागतंय, हे मला काय उमगलं न्हाय. तुमच्याकडची रीत न्यारी असंल. असूंदे. येताय, तेवढं मला बास.

कुंभाराला सांगून ठेवलंय. सुनेनं पुरणासाठनं डाळ निवडलीय. बाळासोनं फेटा इस्त्रीला दिला आणि कुणी बघत न्हाय असं वाटून आरशात बांधून बघितला. मी बघितलं. गल्लीत सगळ्यास्नी कळलंय की यवतमाळचे पावणं येणार. त्येचा दूध संस्थेतला दोस्त हंबीरराव बोलला, "बाळासो, ह्या खेपेला जिलेबी करू नगा, न्हाईतर पावणं पुन्हा उठत्याल." बाळासो हसला न्हाय, पर चिडलाबी न्हाय. म्हंजे वाट बघतोय.

हौसाबाई


कोडोली, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी

पंचफुलाबाई,

हे पत्र शेवटचं.

काल बेंदूर झाला. सकाळपासनं माझा लेक फेटा बांधून दारात उभा हुता. पावसाची भुरभुर हुती, तरी आत आला न्हाय. यस्टी स्टँडवर सम्राट तीनदा गाडी घेऊन गेला आणि रिकामी घेऊन आला. फोन केला तर तुमचा बंद, अनुजाचा लागंना. दुपारी गल्लीतली बैलं वाजतगाजत गेली. शिंगाला कडबोळी बांधलेली, अंगावर झुली. पोरं बाळासोला इचारायला लागली, "काका, पावणं कुठं हाईत?" त्येनं सांगितलं, "वाटंत हाईत." संध्याकाळीबी त्यो तेच सांगत हुता.

पुरणपोळ्या झाकून ठेवल्या. कटाची आमटी तीनदा गरम केली. शेवटी गल्ली झोपायला गेली तवा बाळासोनं फेटा काढला, खुंटीला अडकवला आणि मला म्हणाला, "आई, तुझं झालं का समाधान?" एवढंच. जेवला न्हाय.

तुमी ताटावरनं उठला ते मी समजून घेतलं. ते रागात झालं. पर 'येतो' म्हणून लिहायचं आणि एका माणसाला गावाम्होरं दिवसभर फेट्यात उभं करायचं, ह्येला आमच्यात सूड म्हणत्यात. तुमी सूड घेणाऱ्यातली माणसं न्हाईसा, असं मला वाटलं हुतं. तुमचं पत्रातलं अक्षर चांगलं हुतं म्हणून वाटलं असंल.

आता अनुजानं माहेरी यायचं का न्हाय, ते तिनं आणि तिच्या बापानं बघावं. मी म्हातारी. मला काय, मी दारातनंच जाणार एक दिवशी.

हौसाबाई


कोडोली, आषाढ संपत आलाय

पंचफुलाबाई,

मागचं पत्र पोष्टात टाकलं त्येच्या तिसऱ्या दिवशी अनुजाचा फोन आला. बाळासोच्या खिशातनं फोन मी काढून घेतला. पोरगी आधी रडली, मग हसाय लागली, मला कळंना ह्येला काय झालं. मग म्हणाली, "आज्जे, अगं आमच्याकडं बेंदूर नसतोय. हितं पोळा. श्रावणाच्या अमावास्येला! सासूबाईंनी मला कालच सांगितलं, पोळ्याला कोडोलीला जायचं म्हणून. त्यास्नी वाटतंय, अजून लई दिवस हाईत."

मी फोन कानाला लावून तशीच बसले. सून म्हणाली, "अत्ती, काय झालं?" म्हटलं, "काय झालं न्हाय. महाराष्ट्र लई मोठा हाय, एवढंच कळलं."

आता हसायचं का रडायचं? एक राज्य, एक मुख्यमंत्री, टीव्हीवर रोज एकच बातमी. लाडक्या बहिणीचं पैसं तुमास्नी येत असत्याल, माझं वय त्यात बसत न्हाय. पर बैलाला पुरणपोळी कधी द्यायची ते मुंबईत ठरत न्हाय. तुमच्याकडं पेरणी-डवरणी उरकंस्तवर बैलाला फुरसत न्हाय, म्हणून तुमचा सण उशिरा असंल. आमच्याकडं आषाढात. आणि मला खरं म्हंजे कळायला पायजे हुतं. माझी धाकटी बहीण गडहिंग्लजकडं दिलीय. तिकडं कर्नाटकी बेंदूर करत्यात, आमच्या आधी महिनाभर. म्हंजे एका जिल्ह्यातच दोन! म्हणून तर ती दर वर्षी आमच्या बेंदराला येती. तिचा सण तिच्या दारात उरकलेला असतोय.

हे मनात आलं आणि मग तुमचं कारड पुन्हा काढून वाचलं. "बैल शेजाऱ्याच्या हाती देऊन येतो." मला एकदम चटका बसला. पोळ्यादिवशी! गुणवंतराव पोळ्यादिवशी स्वतःची बैलं दुसऱ्याच्या हाती देऊन माझ्या लेकाच्या दारात जेवायला येणार हुते. शेतकऱ्यानं त्या दिवशी बैल सोडायचा म्हंजे काय, हे कुणाला कळणार न्हाय तर मला कळंल. माझ्या मालकानं तर आईच्या दहाव्याला बैल सोडून जायला नको म्हणून भावाला पुढं घातलं हुतं. आणि मी तुमास्नी निमित्त काढताय म्हणून लिवलं. ते पत्र फाडून चुलीत घाला. 'हे शेवटचं' म्हणून लिवलेल्या पत्राचंबी तेच करा.

आणि एक. मी तुमास्नी बैलांच्या सणाला बोलवलं, पर आमच्या दावणीला बैल न्हाय. मागंच सांगायला पायजे हुतं, सांगितलं न्हाय. आमच्यात दोन म्हशी, एक जर्सी आणि बैलांच्या जागी बाळासोचा ट्रॅक्टर. बेंदराला आमी कुंभाराकडची मातीची बैलजोडी आणतो, तिला हळद-कुंकू वाहतो आणि पुरणपोळी दावतो. गल्लीत आता खरी बैलं थोड्याच घरात हाईत. तुमच्या मालकाच्या बैलाला हसणाऱ्याच्या घरात मातीची बैलं, असं हाय ते.

तर आता असं करा. तुमी येऊ नका. पोळ्याला बैल सोडून कुणीबी कुठं जाऊ नये. आमचा सण झाला, आमी मोकळी हाओत. आमीच येतो.

बाळासोला म्हटलं, चल. त्यो म्हणाला, "एकदा उभा राहिलो ते बास झालं." म्हटलं, "अरे, चूक कुणाची न्हाय." म्हणाला, "गावानं मला बघितलं की. ते कुठं पुसू?" त्यो येत न्हाय. मी आणि सम्राट येतो. श्रावणात, रेल्वेनं. मला जिन्यावर धरायला कुणीतरी ठेवा.

हौसाबाई


बोरखडी, जि. यवतमाळ, नारळी पौर्णिमा झाली त्यानंतर

बाळासो,

पोचले. सम्राट दुसऱ्याच दिवशी कामाला पुण्याला गेला. मी हितंच.

गोंदियाच्या गाडीत बसून मी सगळा मुलूख बघितला. साताऱ्यापतोर आपलं हिरवं. पुण्याच्या म्होरं पाऊस संपला. मनमाडला तर अंगातलं पाणी घामानं गेलं. मग भुसावळ, अकोला, काय संपंना. मधी एकदा सम्राटला म्हटलं, "अरे, राज्य बदललं काय रं?" म्हणाला, "आज्जे, अजून महाराष्ट्रच हाय." धामणगावला उतरलो आणि तिथनं यस्टी. रान काळं. मैलोन् मैल कापूस आणि तूर. नदी कुठं दिसंना. इहिरी अशा खोल की वाकून बघितलं तर आपलंच तोंड लहान दिसतंय. उसाचं एक पातं न्हाय. गावाच्या भितीवर वेगळ्या राज्याची अक्षरं रंगवलेली, ऊन-पावसानं पुसट झालीयात, पर कुणी पुसली न्हाईत.

माणसं सावकाश बोलत्यात. मी एक वाक्य बोलले की त्यास्नी वाटतंय भांडाण सुरू झालं. पंचफुलाबाई मला पहिल्या दिवशी म्हणाली, "विहीणबाई, कावून रागावल्या जी?" मी म्हटलं, "रागावले न्हाय, मी चहा मागतीय." मग ती हसली ती बसलीच. चहा मातुर ही दिवसात कितीदा करत्यात! तिखटाचा तोरा आपलाच असं वाटायचं, पर हितल्या झणक्यानं माझ्या नाकातनं पाणी काढलं. मी कबूल केलं न्हाय.

राजवर्धन माझ्याकडं आला. आधी रडला, मग माझ्या नाकातली नथ ओढली. वढ्याळ हाय. कान तुझ्यावर गेल्यात. गोठ्यातली बैलं त्येला बघून मान खाली घालत्यात आणि त्यो त्येंच्या कपाळावर हात ठेवतोय, न भिता. मी आणलेली मातीची बैलं त्येला दिली. एकाचा पाय गाडीत मोडला. हितं त्येच्यासाठनं लाकडाचा बैल करून ठेवलाय, चाकाचा. त्येच्या आज्जाच्या आज्जाचा हाय म्हणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा असतोय, तवा पोरं लाकडी बैल ओढत घरोघर जात्यात. आपला मातीचा बैल सण झाला की इरघळतोय, ह्येंचा लाकडाचा पिढ्यानपिढ्या राहतोय. मला हेवा वाटला. तेबी कबूल केलं न्हाय.

गुणवंतराव माझ्याशी बोलत्यात, पर तुझं नाव काढलं की बैलाकडं जात्यात. एकदा पाण्यावरनं विषय निघाला. मी म्हटलं, आमच्यात पाणी जास्ती झालं की घरात शिरतंय. पंचगंगेच्या पुरात माझ्या भावजयीच्या माळ्यावर म्हस चढवायची पाळी आलती. त्यो माणूस पहिल्यांदा हसला. म्हणाला, "मंग इकडं पाठवा ना जी." मी म्हटलं, "पाठवलं असतं, पर धामणगावला गाडी बदलाय लागती." तवापासनं जरा मोकळं बोलतोय. कारखान्याचं, विजेचं, पोरास्नी नोकऱ्या न्हाईत त्येचं. सगळं खरंच बोलतोय असं न्हाय. पर सगळं खोटंबी न्हाय. बसून ऐकलं की आळशी कोण आणि लांबचा कोण, ह्यातला फरक कळतोय.

आता कामाचं. मला परत न्यायला तू ये. सम्राट येणार न्हाय, मी त्येला नको म्हणून सांगितलंय. एकटी मी येत न्हाय, गुडघा दुखतोय. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हितं असलास तर पोळा बघून आपुन दोघं निघू. न आलास तर मी कापूस वेचून दिवाळीला येईन. हितल्या बायका शिकवतो म्हणाल्यात. तुझी बायकू चांगली हाय, पर तिच्या हातची आमटी तुला किती दिवस चालती ते बघू.

आणि एक लक्षात ठेव. तुझ्या बापानं आपली बैलजोडी, लाखा आणि पाखऱ्या, इकली तवा तू चौदा-पंधरा वर्साचा हुतास. गोठ्यात खुंट्याला धरून बसला हुतास, हाक मारली तर आला न्हाईस. ते इसरून तू बैलवाल्याला हसलास. मी त्या दिवशी पंगतीत तुला गप बस म्हणायचं सोडून वाढप्यास्नी हाका मारत बसले. असो. तू ये.

तुझी आई


कोडोली, पोळ्यानंतरचा बाजारचा दिवस

पंचफुलाबाई,

बाळासोसंगं सुखानं पोचले. तुमी बांधून दिलेली शिदोरी दौंडपतोर पुरली. बाळासोनं तिळाच्या चटणीचं बोट चाटलं आणि मला म्हणाला, "आपल्यापेक्षा जरा बरी हाय." हे घरी कुणाला सांगू नको म्हणाला, म्हणून तुमास्नी लिहिते.

इथं आल्यापासनं त्यो दूध संस्थेत रोज एक गोष्ट सांगतोय. पोळ्यादिवशी तुमच्या गावच्या आंब्याच्या तोरणाखाली सगळी बैलं उभी केली, आणि पोरांनी झडत्या म्हटल्या. ती सरकारला टोमणे मारणारी गाणी आमच्यात नसत्यात, त्यामुळं त्येला लई मज्जा वाटली. एका पोरानं त्येच्याकडं बोट करून म्हटलं न्हवं:

"उसानं पेलं पाणी, कापसानं पेलं ऊन,
पावना आला कोल्हापूरचा, घ्या रे त्याले पाहून!
हर बोला, हर हर महादेव!"

सगळं गाव हसलं. मी तोरणाच्या कडंला बसले हुते, म्हटलं आता ह्यो पुन्हा जिलेबीच्या वेळंसारखं बोलतोय का काय. पर बाळासो उभा राहिला आणि म्हणाला, "व्हय की! पाणी आमी प्यालो. आणि पावण्यास्नी न जेवता लावून दिलं, तेबी घाला की पुढच्या झडतीत!" तवा जो आवाज झाला त्यो तुमास्नी चुलीपाशी ऐकू आला असंल. हितं त्यो ही झडती हंबीररावाला म्हणून दावतोय, तुमच्यासारखं 'पेलं' म्हणतोय, आणि अर्धी ओळ इसरतोय.

पर हे सांगायला मी पत्र लिहीत न्हाय. आदल्या दिवशी संध्याकाळी गोठ्यात काय झालं ते तुमास्नी ठाऊक न्हाय. तुमी, अनुजा, सगळ्या पुरणाच्या नादात हुता. गुणवंतरावांनी सांगितलं नसणार. असली गोष्ट बापय घरात सांगत न्हाईत. मी पडवीत बाजंवर हुते. दार उघडं हुतं आणि माझे कान अजून चांगलं हाईत.

गुणवंतराव बैलांची खांदशेकणी करत हुते. लोणी-हळदीची वाटी, पळसाची पानं, आणि जू बसून बसून दगड झालेला त्यो खांदा. सावकाश चोळत हुते, लेकराला लावावं तसं. तेवढ्यात दारात बाळासो. हातात पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. 'या' बी म्हणाले न्हाईत आणि 'का आला' बी म्हणाले न्हाईत. खालीच बघून म्हणाले, "पाय धुऊन या."

बाळासो पाय धुऊन आला. तुमच्या मालकानं वाटी त्येच्याकडं सारली. दुसऱ्या बैलाचा खांदा राहिला हुता. माझा लेक बसला. पानावर लोणी घेतलं आणि त्येचा हात बैलाच्या खांद्यावर गेला, तो तसाच थांबला. मग चोळायला लागला. मला त्येची पाठ दिसत हुती, तोंड दिसलं न्हाय. मी ते बघितलंबी नसतं.

चोळून झालं. गुणवंतरावांनी आपल्या बैलाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तुमी दर वर्षी म्हणता, तुमास्नी त्येचं काय. पर मी पहिल्यांदा ऐकलं. बैलाला जेवायचं आवतन देणारं घर, आणि आमी त्या घरच्या माणसाला भरल्या ताटावरनं उठवलं हुतं. मी गप बसले. मी गप बसणं म्हंजे काय, ते तुमास्नी आता ठाऊक हाय.

मग बाळासोची पाळी. त्येनं दुसऱ्या बैलाच्या कपाळावर हात ठेवला. म्हणाला, "आज आवतन घ्या..." आणि बैलाकडं न बघता तुमच्या मालकाकडं बघितलं. "...आणि आषाढात बेंदराला जेवायला या."

गुणवंतराव म्हणाले, "इवाई, बैलाले सांगून राह्यले का मले?"

बाळासो म्हणाला, "दोघास्नीबी."

"त्या दिवशी माह्या बैलाइले कोण पाहीन?"

"त्या दिवशी तुमच्याकडं सण नसतोय की. एक दिवस शेजाऱ्याकडं ठेवली तरी गाव बोलणार न्हाय. म्हणून तर बोलवतोय."

तुमचे मालक हसले न्हाईत. पळसाचं पान त्येच्या हातातनं घेतलं, उरलेलं लोणी त्येच बैलाच्या खांद्याला लावलं आणि म्हणाले, "चाला, जेवाले. वाट पाहून राह्यल्या बाया." पुढचं तुमी वाढलंच. दोघं एका रांगेत बसले आणि कुणी कुणाला काय बोललं न्हाय. ते गप बसून जेवणं मला सगळ्यात बरं वाटलं.

आता नीट लिहिते. बेंदूर आषाढात, पुनवेच्या अलीकडं. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर निघालं की मी त्या दिवसावर लाल गोल काढून पाठवीन. तुमच्या भितीवर लावा. पोळ्याच्या गोलाचं कॅलेंडर तुमी मला पाठवा. अनुजा म्हणालीय, ती तुमच्या मागनं उंबरा चढणार. चढूदे. राजवर्धनला मातीचा बैल नवीन घेऊन ठेवते, मोडका तिकडंच असूंदे.

बाळासोनं काल ट्रॅक्टर गोठ्यातनं बाहेर काढला आणि छपराखाली लावला. बैलांची जुनी जागा झाडली, खुंटं पुन्हा ठोकलं. सुनेनं इचारलं, "कशापायी?" तर म्हणाला, "दोघास्नी आवतन दिलंय न्हवं."

हौसाबाई